दोघांसाठी निवांत शहर

९ एप्रिल
ऑफिस, जेवणाच्या सुट्टीत

सुईबाई,

आधीच्या पत्रांना उत्तर आलं नाही म्हणून आता लिहिणार नव्हतो. हे पत्र नाही. कामाची चौकशी आहे असं समज आणि वाच.

समोरच्या ट्रॅव्हलवाल्याने काचेवर गुलाबी अक्षरांत 'फक्त जोडप्यांसाठी' असं लावलं, त्या दिवसापासून मामाचं जेवणात लक्ष नाही. आमच्या सहली म्हणजे शाळेची पोरं, निवृत्त मंडळी आणि एकाच घरातले सोळा जण. जोडपी आमच्याकडे येतात ती आपापल्या आयांना घेऊन. आता मामाला हवी आहे उन्हाळी सहल. दोन रात्री, एकच शहर, फक्त दोघं. आणि निवांत. 'निवांत'वर त्याने टेबलावर बोट आपटून जोर दिला.

शहर तुझं ठरलंय. मी सुचवलं नाही. गाड्या सोयीच्या आहेत म्हणून मामानेच ठरवलं.

"जोडप्यांना काय लागतं?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? माझं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली," मामा म्हणाला. "तू पडलायस ना प्रेमात? मग ऑफिसला त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

काउंटरवाल्या काकू तिकीट काढता काढता हसल्या. तुला आठवत असतील, फोनवर मागून खोकायच्या त्या. गुडघा धरून उठतात, गुडघा धरून बसतात, आणि मी तुझ्याशी बोलत असलो की पंखा बंद करायच्या. उकाड्याने जीव जायचा. मला वाटायचं वीज वाचवतात. आता कळतंय, नीट ऐकू यावं म्हणून.

मी सहल आखली. सकाळी मनोरा, मग होडी, मग बाग, जेवण, संग्रहालय, जुना बाजार, संध्याकाळी पुन्हा मनोरा, कारण दिवे लागलेले बघायला हवेत. मामाने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ही सहल आहे की कवायत? नवरा-बायको एकमेकांशी बोलणार कधी?"

"चालता चालता."

"धापा टाकत?"

दुसऱ्यांदा आखली, त्याने ती परत केली. तिसऱ्यांदा आखली तेव्हा म्हणाला, "भाचेबुवा, कोऱ्या जागेची भीती वाटते का रे तुला?"

माझं डोकं फिरलं. हिवाळ्यात तू इकडे आली होतीस तेव्हा परतताना स्टेशनवर साधारण हेच म्हणाली होतीस, फक्त तुझे शब्द जास्त टोचरे होते. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता की एक माणूस आपल्यासाठी महिनाभर दोन दिवसांची आखणी करतो. तू होडीत झोपलीस. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. निदान होडीत तरी नाही.

तर चौकशी अशी: तुझ्या शहरात उन्हाळ्यात दोन माणसांनी निवांतपणे काय करायचं? ऑफिसच्या पत्त्यावर कळवलंस तरी चालेल.

भडकू


२२ एप्रिल
घरी, आई देवळासारखी शांतता राख म्हणते आहे

सुईबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या उत्तराची आता गरज उरलेली नाही.

दोन वर्षं तू फोनवर जे बोललीस ते सगळं माझ्या डोक्यात आहे. तुला वाटायचं मी ऐकत नाही, मधेच तोडतो. मधेच तोडायचो हे खरं, पण ऐकत होतो. ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि न उतरता त्याच ट्रामने परत यायचं. पुलाखाली उभं राहायचं, कारण गावभर वारा नसला तरी तिथे असतो. बेकरीच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या प्रहरी जायचं, तेव्हा भट्टीतून नवे पाव निघतात आणि गल्लीतली मांजरंसुद्धा ओळीत बसतात.

आणि पायऱ्या. संग्रहालयाच्या मागच्या दाराच्या, नदीकडे तोंड असलेल्या. सकाळभर भिंगाखाली जुन्या कापडाचे धागे उचलून तुझे डोळे चुरचुरायला लागतात. मग डबा घेऊन तू तिथे बसतेस, कारण नदीकडे बघताना डोळ्यांना काही उचलावं लागत नाही. झाडाची सावली कडेकडेने सरकते, तिच्याबरोबर तूही हातभर सरकतेस. कठड्याला टेकलीस की सुट्टी संपली.

मी लिहिलं: 'दुसऱ्या दिवसाची दुपार. नदीकाठच्या पायऱ्या. सावली सरकेल तसं तुम्हीही सरका. बाकी काही करू नका.'

मामाने दोनदा वाचलं.

"हे तुला सुचलं?"

"हो."

"मग कॉलेज सोडून फार नुकसान झालं नाही तुझं."

कॉलेजच्या बाबतीत हे वाक्य मला पहिल्यांदा कोणी ऐकवलं. तू कधी ऐकवलं नाहीस. तू म्हणालीस, 'मी सोडायला सांगितलं नव्हतं.' मी तरी कुठे म्हटलं सांगितलं होतंस म्हणून? मी फक्त म्हटलं, कोणासाठी सोडलं ते लक्षात ठेव. त्यात एवढं गाडीत चढून पाठ फिरवण्यासारखं काय होतं?

असो. आमच्या ऑफिसचा एक नियम आहे. कुठलीही सहल विकायला काढण्याआधी ऑफिसातल्या दोघांनी ती चालून बघायची. एकाने कौतुक करायचं, दुसऱ्याने प्रत्येक गोष्टीवर कुरकुर. संध्याकाळी दोघांचं मिळून जे उरेल ती सहल. या वेळी मामा म्हणाला, नियम माझा आहे, मीच मोडतो, समोरच्याची गुलाबी अक्षरं मला झोपू देत नाहीत. पत्रक छापायला गेलंसुद्धा.

तुझ्या स्टेशनवरही ते लागणार आहे. माझी पत्रं तू उघडत नसशील, पण पत्रक भिंतीवर असतं, ते उघडावं लागत नाही. शब्द ओळखशील. एवढंच हवं होतं मला.

भडकू


११ मे
ऑफिस

सुईबाई,

सहल धो धो चालली आहे. समोरच्याने गुलाबी अक्षरांखाली निळी अक्षरं लावली, तरी गर्दी आमच्याकडे. मामाने मला स्वतःची खुर्ची दिली. तिचा एक पाय हलतो, पण दिली.

परत आलेली जोडपी ऑफिसात येऊन सांगून जातात. मनोऱ्याचं कोणी बोलत नाही. ट्राम आवडली, मांजरं आवडली, पण सगळ्यात जास्त पायऱ्या. एक बाई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा हे इतका वेळ गप्प बसले. नवरा म्हणाला, "मी रोजच गप्प असतो, तुला त्या दिवशी ऐकू आलं." दोघं हसत गेली. जगातली सगळी जोडपी तुझ्या पायऱ्यांवर बसून येतात आणि मी इथे हलत्या खुर्चीत.

गेल्या आठवड्यात एक नवं लग्न झालेला इंजिनिअर आला होता. बोलता बोलता म्हणाला, "तिथे एक मुलगी दिसली. डबा घेऊन दारात आली, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि परत आत गेली."

मी त्याला खुर्ची दिली, सरबत मागवलं. विचारलं, निळा ॲप्रन होता का? केस वर बांधलेले? बारीक झाली आहे का? त्याची बायको माझ्याकडे अशी बघायला लागली की काकूंना मध्ये पडावं लागलं. "आमच्या साहेबांना प्रवाशांची फार काळजी असते," काकू म्हणाल्या.

तो म्हणाला निळा होता. बारीक झाली का ते त्याला सांगता येईना, आधीची माहीत नाही म्हणाला.

आता मी प्रत्येक जोडप्याला विचारतो. परवाच्या दोघांना तू दिसलीस. त्याआधीच्यांनाही दिसलीस, तेव्हाही डबा घेऊन आत गेलीस. आजच्या दोघांना दिसली नाहीस. आजारी आहेस का? काही असलं तर कळव. भांडण एका बाजूला आणि तब्येत एका बाजूला.

भडकू


२० मे

तुझं पाकीट आलं. ऑफिसात सगळ्यांसमोर फोडलं, कारण थांबवेना. आत पत्र असेल असं वाटलं होतं, आमचंच पत्रक निघालं, चार घड्या घातलेलं, मागे तुझ्या अक्षरात दोन ओळी. 'पायऱ्या माझ्या होत्या. आता मी खिडकी नसलेल्या खोलीत जेवते.'

बस. इतक्या महिन्यांनी एवढंच.

आता माझं ऐक. पायऱ्या तुझ्या कशा? संग्रहालयाच्या आहेत. संग्रहालय शहराचं आहे. तुला काय त्या वारशात मिळाल्या होत्या? मी काय चोरलं तुझं? चार ओळी चांगल्या लिहिल्या, लोक खूश झाले, मामा पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखा बोलला. तू पत्राला उत्तर दिलं असतंस तर मी भिंतीवर लिहायला गेलो असतो का? सरळ रस्ता तू बंद केलास आणि मी कुंपणावरून उडी मारली की ओरडायचं. आणि तू तरी काय, बसायचं होतं ना त्यांच्या शेजारी. सहा माणसं बसली म्हणून सातवीने उपाशी

त्याच दिवशी, जरा वेळाने

वरचं खोडणार होतो. राहू दे. मी कसा आहे ते तुला नव्याने कळतंय अशातला भाग नाही.

'सातवीने उपाशी' असं लिहिताना मला तुझी कामाची खोली दिसली. फिकट पांढरा प्रकाश, छतावरच्या नळीचा, आणि टेबलावर दिवे, पेट्या, रसायनाचा वास. तूच सांगितलं होतंस की तिथे पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची परवानगी नाही. म्हणजे तू त्याच्याही पलीकडच्या खोलीत जेवतेस, जिथे झाडू ठेवतात. बरोबर ना? मी ऐकत होतो म्हटलं तर तुला खोटं वाटायचं.

मामाकडे गेलो. म्हटलं, पायऱ्या काढून टाक.

"का?"

"कोणाच्या तरी आहेत त्या."

"कोणाच्या?"

काकूंनी पंखा बंद केला. मी सांगितलं. मामा सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे जे तुला सुचलं होतं ते तुला सुचलंच नव्हतं."

"नव्हतं."

"पत्रकं छापून झालीत. महिनाअखेरपर्यंत माणसं ठरली आहेत. त्यातली निम्मी पायऱ्यांसाठी जाताहेत."

मी म्हटलं, मग मी काम सोडतो. मामाने मान वरसुद्धा केली नाही. "सोडून जाणं तुला जमतं, माहिती आहे मला. कॉलेजला विचार. उभं राहून निस्तरणं जमतं का ते बघायचं राहिलंय."

मी खुर्ची ढकलली, तिचा तो पाय निघालाच शेवटी.

काकू मामाला म्हणाल्या, "भाऊ, सहल चालून बघायची राहिली आहे. नियम आहे आपला. मी जाते याच्याबरोबर. कुरकुर मी करीन."

मामा म्हणाला, "काकू, तुमचा गुडघा."

"म्हणूनच तर कुरकुर मी करीन म्हणते."


३ जून
परतीच्या गाडीत, काकू समोर घोरत आहेत

सुईबाई,

तू मला बघितलंस हे मला माहीत आहे. तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो. निदान यात तरी मधे तोडणारा कोणी नाही.

निघताना काकूंचे मिस्टर स्टेशनवर आले होते. "जा," म्हणाले, "इतकी वर्षं मी नेलं नाही, तुझा हनिमून आता ऑफिसच्या खर्चाने होऊ दे." काकू म्हणाल्या, "तुम्ही नाही आहात म्हणूनच निवांत होईल." लॉजवर आमच्या नावाने जोडप्याची खोली काढलेली. मामाचा हिशेब चुकला की त्याने सूड उगवला, देव जाणे. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोची एकमेकांना लावलेल्या. मॅनेजर एकदा काकूंकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. काकूंनी एक हंस उलगडून तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हा माझा मुलगा असता तर मी त्याला एवढी झोपायची जागा दिली नसती. दुसरी खोली बघा."

शनिवारी सकाळपासून काकूंनी कुरकुर करायची होती. त्या करीनात. ट्राममध्ये खिडकीशी बसल्या आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उतरा म्हणाला तर त्यालाच म्हणाल्या, "आम्ही उतरायला आलो नाही." मांजरांसमोर गुडघा धरून बसल्या. मीच घामाघूम, पुढे चला, पुढे चला करत होतो.

"तुला कुठे पोचायचंय एवढं?" काकू म्हणाल्या. "निवांत सहल आहे ना ही? कोणी लिहिली?"

मी पायऱ्यांवर येणार नव्हतो. ठरवलं होतं की पलीकडच्या काठावरून नुसतं बघायचं आणि मामाला सांगायचं, बघितलं. तिथल्या बाकावर काकू टेकल्या. पायऱ्यांवर आमची पाच जोडपी होती. हातात पत्रक, कोणी बुटाच्या टोकाने सावलीची रेघ मोजत होतं. एक नवरा बायकोला म्हणत होता, सरक, सरक, लिहिलंय तसं. नदी अरुंद आहे तिथे, ऐकू येतं.

मग मागचं दार उघडलं. तू डबा हातात घेऊन उभी राहिलीस. खरं सांगू, मला वाटलं होतं तू रागावलेली दिसशील. राग मला कळतो, रागाशी मी बोलू शकतो. तू रागावलेली नव्हतीस. तू नुसती जागा बघत होतीस, बसमध्ये बघतात तशी. मिळाली नाही. डोळे चोळलेस आणि आत गेलीस. रोज एकदा बघून जातेस का? इंजिनिअरने सांगितलं तेव्हा मी त्याला ॲप्रनचा रंग विचारत बसलो होतो.

मी काकूंना काही न सांगता पळत सुटलो. पुलावरून पलीकडे येईपर्यंत छाती फुटायची वेळ आली. खिशात ऑफिसची पिवळी टोपी होती, ती घातली. पायऱ्यांसमोर जाऊन म्हटलं, "नमस्कार, मी ऑफिसचा माणूस. ही जागा सहलीतून काढली आहे. कृपया उठा."

"पत्रकात तर आहे," एक जण म्हणाला.

"पत्रक चुकलंय."

"कोणी लिहिलं मग असलं चुकीचं?"

"मी."

"मग आम्ही आता करायचं काय?"

आखलेलं काही आठवेना. मनोरा म्हणणार होतो. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "बरं झालं बाई, खोलीवर जाऊन झोपू या." त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ती दोघं उठली तशी बाकीचीही उठली. एका काकांनी मात्र मला बरंच सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. तुझा विश्वास बसणार नाही. मधे तोडलं नाही.

मग मी वळणावर जाऊन उभा राहिलो, जिथून पत्रक घेतलेली माणसं येतात. तिथे सावली नाही. एकेकाला अडवून सांगत होतो, इकडे नाही, दुसरीकडे. दुसरीकडे कुठे? कुठेही, दोघं आहात ना, सापडेल. पायऱ्यांकडे पाठ ठेवली होती. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

तू बसली होतीस. डबा मांडीवर उघडलेला. नदीकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. ॲप्रन निळाच आहे आणि तू बारीक झाली आहेस. मी पुन्हा पाठ फिरवली. दोन जोडपी परत पाठवली. पुन्हा बघितलं.

तेव्हा तू सरकलीस. मी नीट बघत होतो, माझी चूक होणं शक्य नाही. सावली अजून सरकली नव्हती. ती होती तिथेच होती, आणि तू हातभर कठड्याकडे सरकलीस. शेजारी, सावलीत, एका माणसाची जागा झाली.

जाऊ का? ती जागा कोणासाठी केलीस, ओरडून विचारू का? एरवी मी ओरडलोच असतो. समोरून आणखी एक जोडपं आलं, त्यांना अडवलं नसतं तर ती तुझ्या समोर येऊन बसली असती. म्हणून अडवलं. त्यांना दुसरीकडे लावून वळलो, तर त्या जागेवर काकू.

गुडघा धरून, पर्स मांडीवर, पूल ओलांडून आलेल्या. टेकल्या आणि तुझ्या डब्यात बघून काहीतरी बोलल्या. तू हसलीस. माझ्या डोक्यावर ऊन, पिवळी टोपी, आणि तुम्ही दोघी हसताय. मी कान ताणले, पण वळणापर्यंत काही पोचेना. मधेच काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तू बघितलंस. बघून पुन्हा नदीकडे तोंड केलंस, पण लगेच नाही.

दार बंद झाल्यावर काकू आल्या. मी विचारलं, काय बोललात?

"तुझ्या कामाचं काही नाही."

"माझ्याबद्दल होतं?"

"सगळं जग तुझ्याबद्दल बोलतं का रे?"

स्टेशनपर्यंत विचारत होतो. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "तू तिला कळवलं होतंस ना, शहर भाऊंनी निवडलं म्हणून? मी तिला खरं सांगितलं." आणि झोपल्या.

हो. शहर मीच सुचवलं होतं.


१९ जून
ऑफिस

सुईबाई,

नवं पत्रक सोबत आहे. ट्राम ठेवली आहे, पूल ठेवला आहे, मांजरं काकूंच्या हट्टाने. पायऱ्या नाहीत. 'दुसऱ्या दिवसाची दुपार' असं लिहून खाली कोरं सोडलंय. मामाने विचारलं, इथे काय? म्हटलं, काही नाही. तो चष्मा वर करून त्या कोऱ्या जागेकडे बघत म्हणाला, "छापखानेवाला विचारेल, काही राहिलं का म्हणून." मी म्हटलं, नाही म्हणून सांगायचं. जुनी पत्रकं होती तेवढ्यांवर मी आणि काकूंनी बसून कागदाची पट्टी चिकटवली. जोडपी अजून परत येऊन विचारतात, त्या पायऱ्या कुठे गेल्या. मी सांगतो, डागडुजी चालू आहे.

काल तुझं पत्र आलं. काकूंना.

पाकिटावरचं अक्षर मी दारातूनच ओळखलं. पोस्टमनच्या हातून घेतलं आणि वरचं नाव वाचून हात खाली गेला. काकूंनी ते काउंटरवर ठेवून चहा संपवला, एक तिकीट काढलं, मग फोडलं. दोन पानं. पाठपोट. वाचताना दोनदा हसल्या, एकदा चष्मा पुसला. घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. मी समोर उभा.

"काय लिहिलंय?"

"गुडघ्याला शेक द्यायचा म्हणते."

"दोन पानं गुडघ्यावर?"

"दुखणं जुनं आहे."

मी आवाज चढवला नाही. पंखा बंद केला. काकू हसल्या, पहिल्यांदा माझ्याकडे बघून. म्हणाल्या, "शेवटी विचारलंय, त्याला काही न करता, काही न बोलता बसता येतं का. काय कळवू?"

माझ्या तोंडात दहा उत्तरं आली. येतं, का नाही येणार, कोणाला येत नाही, तिला म्हणावं ये आणि बघ. एकही दिलं नाही. काकू वाट बघत होत्या. मी जाऊन मामाच्या खुर्चीत बसलो. पाय बसवून घेतलाय तिचा, आता हलत नाही. बसून राहिलो. मामा आत आला, म्हणाला, हा काय करतोय? काकू म्हणाल्या, काम.

तुला सांगण्यासारखं खूप आहे. स्टेशनवरचं, कॉलेजचं, होडीचं. एरवी हे पान मी कडेकडेनेसुद्धा भरलं असतं, तुला कागद फिरवून फिरवून वाचावं लागायचं. या खेपेला खालचं अर्धं पान तसंच सोडतो आहे.